हरीण, एल्क आणि दहा ग्रॅमची गोळी

अमेरिकेतील आयडाहो राज्यात स्नेक आणि क्लिअरवॉटर या नद्यांच्या संगमावर लुइस्टन नावाचे गाव आहे. समुद्र इथून नदीमार्गे सुमारे साडेसातशे किलोमीटर दूर, तरी गावाला बंदर आहे आणि गव्हाने भरलेले तराफे इथून पॅसिफिककडे निघतात. शिकारी मंडळींना मात्र या गावाची ओळख वेगळ्याच कारणाने आहे. व्हर्नन स्पीअर १९४४ मध्ये इथे आले आणि शिकारीच्या गोळ्या बनवू लागले. त्यांचे बंधू डिक स्पीअर यांनी १९५१ मध्ये काडतुसांचे प्राइमर बनवणारी सीसीआय ही कंपनी इथेच काढली. या दोघांच्या मधल्या काळात, १९४८ मध्ये, जॅक ओ'कॉनर अ‍ॅरिझोनातून बिऱ्हाड हलवून लुइस्टनला आले. पूर्वी पत्रकारितेचे प्राध्यापक असलेले हे गृहस्थ तोवर 'आउटडोअर लाइफ' मासिकात बंदुकांवर लिहिणारे देशातले सर्वांत वाचले जाणारे लेखक झाले होते.

त्याच राज्यात, सॅमन या गावी, एल्मर कीथ राहत. तेही लेखक, तेही शिकारी, आणि ओ'कॉनर यांच्याशी त्यांचे आयुष्यभर पटले नाही. ओ'कॉनर म्हणत, मध्यम वजनाची, वेगवान गोळी योग्य जागी बसली की काम झाले. विंचेस्टर कंपनीने १९२५ मध्ये आणलेले .२७० हे काडतूस त्यांनी लेखांमागून लेख लिहून घराघरात पोचवले. कीथ यांच्या लेखी ते एल्कसाठी अपुरेच होते. त्यांना मोठ्या व्यासाची, जड गोळी हवी असे, म्हणजे जनावर कसेही उभे असो, ती आरपार जाईल. वाचकांची दोन घराणी पडली आणि दोघांच्या मृत्यूनंतर चाळीसहून अधिक वर्षे लोटली तरी ती टिकून आहेत.

हा वाद काडतुसांच्या नावांवरून झाला. त्याच्या गाभ्याशी असलेला प्रश्न साधा आहे: साठ-सत्तर किलोच्या हरणावर आणि तीनशे किलोच्या एल्कवर एकाच रायफलने जायचे असेल, तर तिच्यात भरायचे काय? याचे उत्तर स्वतःच्या हाताने तयार करणारे लाखो लोक अमेरिकेत आहेत. दुकानातून तयार काडतुसांचा डबा आणण्याऐवजी ते घरच्या गॅरेजमधल्या बाकावर एकेक काडतूस भरतात. याला तिकडे हँडलोडिंग म्हणतात.

काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारा चिमुकला प्राइमर, आत भरलेली बिनधुराची दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की खटक्याची सुई प्राइमरवर आदळते, ठिणगी दारूला लागते, वायू फुगतो आणि गोळी नळीतून सुटते. पुंगळी मागे उरते, आणि तीच पुन्हा वापरता येते. उडवल्यावर ती फुगून रायफलच्या पोकळीएवढी झालेली असते. तिला पोलादी साच्यात दाबून मूळ आकारात आणतात, वाढलेली लांबी कातरतात, नवा प्राइमर बसवतात, दारू तोलून ओततात आणि वर गोळी दाबतात. तोलायचे माप ग्रेन. पौंडाचे सात हजार भाग केले की एक ग्रेन, म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. हँडलोडर त्याच्याही दहाव्या भागापर्यंत तोलतो. गोळीचे वजनही ग्रेनमध्येच सांगतात. १३० ग्रेनची गोळी साडेआठ ग्रॅमच्या आतबाहेर, १८० ग्रेनची पावणेबारा ग्रॅमची.

हा छंद घराघरात पोचला दुसऱ्या महायुद्धानंतर. लष्कराकडे २० मिलिमीटर तोफांसाठी बनवलेल्या संथ जळणाऱ्या दारूचे डोंगर शिल्लक होते. कॅन्ससमधले ब्रूस हॉजडन यांनी ती पडत्या भावात घेतली आणि पौंडावारी विकायला काढली. ४८३१ या क्रमांकाची ही दारू .२७०च्या पुंगळीला अशी काही मानवली की ओ'कॉनर यांनी ती कायमची धरली. तिकडे कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टन मार्मोट मारण्यासाठी छोट्या गोळ्या पाडायचा साचा बनवत होते. मार्मोट म्हणजे खडकांत राहणारा, घुशीपेक्षा मोठा कुरतडा प्राणी. त्याला तिथे रॉक चक म्हणतात. साच्याचे नाव पडले 'रॉक चक बुलेट स्वेज' आणि त्याची आद्याक्षरे घेऊन आरसीबीएस ही कंपनी उभी राहिली. आज तिची हिरवी यंत्रे हजारो गॅरेजांत आहेत, पण त्या नावामागे एक कुरतडा प्राणी आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आता जनावराकडे वळू. पश्चिमेतला म्यूल डिअर किंवा सर्वत्र आढळणारा पांढऱ्या शेपटीचा व्हाइटटेल यांचा मोठा नर ७० ते १२० किलोंचा. रॉकी पर्वतातल्या एल्कचा नर ३२० किलोंच्या घरात, मादी सव्वादोनशेच्या. काश्मीरचा हंगुल एल्कचा जवळचा नातेवाईक. आपल्याकडच्या वाचकाने त्याहून बराच थोराड, मानेवर गडद आयाळ असलेला प्राणी डोळ्यांपुढे आणावा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार कत्तलीमुळे उत्तर अमेरिकेत एल्क लाखाच्याही खाली आले होते. आज ते दहा लाखांच्या आसपास आहेत आणि सर्वाधिक कोलोरॅडोत. शिकारीच्या परवान्यांचे पैसे आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेला बंदुका-काडतुसांवरचा कर या पुनर्वसनाच्या कामी आला. शिकारीच्या पैशांतून जनावर वाचले हे आपल्याला पचायला जड जाते, पण हिशेब तसा आहे.

वजनातला फरक नुसता आकड्यांचा नाही. शिकाऱ्याचे लक्ष्य असते फुप्फुसे आणि हृदय. हरणात ही जागा वीस-पंचवीस सेंटिमीटर व्यासाची, एल्कमध्ये ती चाळिसाच्या जवळ जाते. म्हणजे नेम धरायला एल्क सोपा. अवघड आहे ते पुढचे. खांद्याचे हाड जाड, कातडे चिवट, बरगड्या रुंद, आणि तिरक्या उभ्या जनावरात गोळीला फुप्फुसांपर्यंत पोचायला हात-सव्वा हात मांस कापत जावे लागते. शिवाय एल्क चिवट जिवाचा. एकच फुप्फुस फुटलेला एल्क डोंगर ओलांडून निघून जातो आणि मग शिकारी दोन दिवस रक्ताचे थेंब शोधत हिंडतो. म्हणूनच राज्यांनी किमान मर्यादा घालून दिल्या आहेत. कोलोरॅडोत रायफलचा व्यास किमान .२४ इंच हवा, गोळी फुलणारी हवी, हरणासाठी ती निदान ७० ग्रेनची आणि एल्कसाठी ८५ ग्रेनची, आणि १०० यार्डांवर तिच्यात १००० फूट-पौंड ऊर्जा शिल्लक हवी. कायद्याची ही पायरी अगदी खालची आहे. ८५ ग्रेनच्या गोळीने एल्कवर जाणे कायदेशीर असले तरी शहाणपणाचे नाही.

फुलणारी गोळी म्हणजे जनावराला लागताच जिचे टोक छत्रीसारखे उघडते आणि व्यास दुप्पट होतो ती. इथे इतिहासातला एक विरोधाभास आपल्या देशाशी जोडलेला आहे. १८९० च्या दशकात वायव्य सरहद्दीवर लढणाऱ्या ब्रिटिश फौजेची तक्रार होती की पूर्ण आवरणाची .३०३ गोळी आरपार जाते, पण माणूस थांबत नाही. कलकत्त्याजवळच्या डमडम इथल्या शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरचे आवरण काढून आतले शिसे उघडे ठेवले. पुढे १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने अशा गोळ्यांना युद्धात बंदी घातली. शिकारीत मात्र बहुतेक अमेरिकी राज्ये नेमकी हीच जात सक्तीची करतात आणि लष्करी आवरणाची गोळी मना करतात. कारण जनावर जखमी होऊन पळू नये, लवकर मरावे, ही तिथली दया.

पण उघडणे आणि खोल जाणे यांचे वैर आहे. टोक जितके जास्त फुलेल तितकी जखम रुंद, आणि तितकी गोळी लवकर अडणार. त्यात वेगाचा घोळ. .२७० मधून सुटलेली १३० ग्रेनची गोळी नळीच्या तोंडाशी सेकंदाला ९३० मीटरच्या आसपास धावते. झाडीत अचानक समोर आलेल्या एल्कला ती जवळपास त्याच वेगाने लागते. दरीपलीकडे तीनशे-साडेतीनशे मीटरवर उभ्या हरणापर्यंत पोचताना तो वेग सातशेच्या घरात उतरलेला असतो. एकाच गोळीने दोन्हीकडे नीट वागावे अशी आपली अपेक्षा. मऊ गोळी जवळच्या हाडावर फुटून तिचा भुगा होतो, कडक गोळी दूरच्या नाजूक बरगडीतून न उघडता निघून जाते.

१९४६ च्या शरदात जॉन नोस्लर यांना हेच भोवले. ओरेगन राज्यातल्या अ‍ॅशलंडचे हे गृहस्थ मालवाहतुकीच्या धंद्यातले. ब्रिटिश कोलंबियात ते मूस या थोराड हरणाच्या शिकारीला गेले होते आणि हातात .३०० एच अँड एच मॅग्नम होती, म्हणजे दणकट, वेगवान हत्यार. समोरच्या नराच्या अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर होता. नोस्लर यांनी खांद्यावर गोळ्या घातल्या, पण त्या वरच्यावरच फुटत राहिल्या, आत पोचेनात. बंदुकीत दोष नव्हता, नेमातही नव्हता. इतक्या वेगासाठी ती गोळी बनलेलीच नव्हती.

घरी परतल्यावर त्यांनी केलेला उपाय आजही विकला जातो. तांब्याच्या कांबीला दोन्ही टोकांकडून पोकळी पाडली आणि मध्ये भरीव भिंत ठेवली. दोन्ही पोकळ्यांत शिसे भरले. लागल्यावर पुढचा अर्धा भाग फुलतो, फुटतो, काही तुकडे गमावतो. भिंतीमागचा अर्धा तसाच राहतो आणि आपल्या वजनाच्या जोरावर आत शिरत जातो. दुसऱ्या वर्षी नोस्लर आणि त्यांचे एक मित्र पुन्हा मूसवर गेले आणि दोघांची शिकार एकेका गोळीत झाली. १९४८ पासून ही गोळी 'पार्टिशन' नावाने बाजारात आली. माझ्या मते शिकारीच्या गोळ्यांच्या इतिहासात याहून हुशार कल्पना झालेली नाही, कारण तिने उघडणे आणि खोल जाणे ही दोन कामे एकाच गोळीच्या दोन भागांना वाटून दिली.

नंतर दुसऱ्या वाटा निघाल्या. लुइस्टनच्याच बिल स्टायगर्स यांनी शिसे तांब्याच्या आवरणाला डाख देऊन जोडले, म्हणजे गोळी फुलली तरी आवरण आणि गाभा वेगळे होत नाहीत. आज अशा जोडलेल्या गोळ्या बहुतेक सगळे कारखाने बनवतात. तिसरी वाट शिशाला फाटाच देण्याची. बार्न्स कंपनीने १९८९ मध्ये निव्वळ तांब्याची एक्स गोळी आणली. टोकाला खळगा, लागल्यावर चार पाकळ्या मागे वळतात आणि वजन जवळजवळ सगळे टिकते. आत शिरण्यात हिचा हात धरणारी गोळी विरळा. पण तांबे शिशापेक्षा हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीत दारूची जागा खाते. शिवाय तिला उघडायला ठरावीक वेग लागतो. गोळीगणिक तो सेकंदाला साडेपाचशे ते सहाशे मीटरांच्या आसपास असतो. त्याखाली ती सळईसारखी आरपार जाते. म्हणून तांब्याकडे वळणारे अनुभवी लोक वजनाची एक पायरी उतरतात: शिशाची दीडशे ग्रेनची वापरत असतील तर तांब्याची १३० ची. वेग वाढतो, पाकळ्या खात्रीने उघडतात, आणि वजन टिकत असल्याने खोली कमी पडत नाही.

तांब्याकडे वळायला आणखी एक कारण आहे आणि ते मला सर्वांत वजनदार वाटते. कॅलिफोर्निया कॉन्डोर हा जवळपास तीन मीटर पंखांचा गिधाडवर्गीय पक्षी १९८२ मध्ये जगात फक्त २२ उरला होता. पिंजऱ्यात पैदास करून त्याला पुन्हा रानात सोडले, तर तो मरू लागला शिशाच्या विषबाधेने. शिकारी जनावराची आतडी रानात टाकून जातो, त्यात गोळीचे कण असतात, आणि मेलेले खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात ते जातात. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, क्ष-किरण चित्रात मात्र जखमेपासून वीतभर दूरही चांदण्यासारखे पसरलेले दिसतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान केलेल्या हरणाच्या खिम्यात शिसे सापडले आणि तो वाटप केंद्रांतून काढून टाकावा लागला. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून राज्यात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या. गिधाडांचे काय होते ते आपण डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधाच्या निमित्ताने पाहिलेच आहे. घरात लहान मुले तेच मांस खाणार असतील तर हा प्रश्न पक्ष्यांपुरताही राहत नाही.

गोळी ठरली की मग दारू. नवखे लोक क्रम उलटा धरतात. आधी सर्वाधिक वेग देणारी दारू शोधतात आणि मग तिच्यावर कोणतीही गोळी बसवतात. दारूची वजने मी इथे मुद्दाम देत नाही. ती गोळी किंवा दारू बनवणाऱ्या कारखान्याच्या चालू आवृत्तीच्या पुस्तकातूनच घ्यायची, खालच्या आकड्यापासून सुरू करायची आणि वरच्या आकड्याला कधीच ओलांडायचे नाही. .२७० च्या पुंगळीत मान्य असलेला कमाल दाब चौरस इंचाला ६५ हजार पौंड आहे, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या सुमारे दोन हजारपट. हा स्फोट चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होतो.

नावातल्या साम्याने घात होऊ शकतो, याचे उदाहरण ४८३१ चेच. हॉजडनच्या दारूची लोकप्रियता पाहून ड्यूपाँट कंपनीने १९७० च्या दशकात आयएमआर ४८३१ बाजारात आणली. क्रमांक तोच, पण ही नवी दारू जास्त झपाट्याने जळते. एकीचे वजन दुसरीला लावले की दाब मर्यादेबाहेर जातो. दोन्ही डबे आजही दुकानात शेजारी मांडलेले असतात. म्हणून बाकावर एका वेळी एकच डबा असावा हा नियम जुने लोक कडकपणे पाळतात. दाब वाढल्याच्या खुणाही ओळखता यायला हव्यात: प्राइमर चपटा होऊन कडेपर्यंत पसरणे, पुंगळीच्या बुडावर चकचकीत ठसा उमटणे, बोल्ट उचलायला जोर लागणे. यातली एक जरी दिसली तरी त्या दिवशी रायफल पिशवीत घालून घरी जायचे आणि राहिलेली काडतुसे सोडून काढायची.

हंगामाचे हवामानही दारूच्या निवडीत येते. लोक ऑगस्टच्या उन्हात काडतुसे तपासतात आणि नोव्हेंबरच्या बर्फात उडवतात. जुन्या प्रकारच्या दारू थंडीत मंदावतात, वेग पडतो. उलट कडाक्याच्या थंडीत बेताची वाटलेली मात्रा उन्हात तापलेल्या गाडीत धोक्याची ठरू शकते. तापमानाने फारशी न बिघडणारी दारू आता मिळते. हॉजडनच्या नावाने विकली जाणारी त्यातली काही ऑस्ट्रेलियातल्या मलवाला इथे तयार होते. अर्थात यंत्राने वेग मोजून पाहिल्याशिवाय कुणाच्याही जाहिरातीवर विसंबू नये.

आता थोडे अचूकतेबद्दल, कारण हँडलोडर मंडळींचा सर्वाधिक वेळ इथे जातो आणि माझ्या मते बराचसा फुकट जातो. तीन गोळ्या कागदावर एका नाण्याखाली झाकल्या गेल्या की तो कागद पाकिटात घालून मित्रांना दाखवायचा, ही रीत आहे. पण तीन गोळ्या फारसे काही सांगत नाहीत. तीच रायफल, तेच काडतूस, पुढच्या तीन गोळ्या दुप्पट पसरतात आणि माणूस दारू बदलतो, गोळी पुंगळीत थोडी वर किंवा खाली बसवतो, पुन्हा तीन उडवतो. तो प्रत्यक्षात योगायोगाचा पाठलाग करत असतो. दहा गोळ्या एकाच कागदावर उडवाव्यात, नळी थंड होऊ द्यावी, आणि जो पसारा दिसेल तो खरा मानावा. शंभर मीटरवर दहा गोळ्या पाच सेंटिमीटरांत बसल्या तर तीनशे मीटरवर त्या पंधरात बसतील. हरणाच्या फुप्फुसाची जागा वीस-पंचवीस, एल्कची चाळीस. यापुढची बारीक कलाकुसर स्पर्धेसाठी ठीक आहे.

वेगाचेही तसेच. दोनशे यार्डांवर नेम जुळवलेली .२७० ची १३० ग्रेनची गोळी तीनशे यार्डांवर साधारण १७ सेंटिमीटर खाली येते, .३०-०६ या काडतुसाची १८० ग्रेनची बावीसच्या आसपास. ज्या फरकावरून ओ'कॉनर आणि कीथ यांच्या शिष्यांनी शाई आटवली तो पाच सेंटिमीटरांचा. धापा टाकत चढून आलेल्या माणसाची नळी त्याहून जास्त हलते. उलट, जास्त वेगाच्या मोहात मॅग्नम घेतली की खांद्याला बसणारा धक्का वाढतो, माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागतो, आणि ही खोड एकदा लागली की सुटत नाही. धक्का सोसत नसेल तर हलके हत्यार घ्यावे आणि जवळ जावे. यात कमीपणा नाही.

राहता राहिला मूळ प्रश्न: हरणासाठी एक आणि एल्कसाठी दुसरे, असे दोन प्रकार भरावेत का? हँडलोडिंगचा मोठा फायदा म्हणून हेच सांगितले जाते आणि पुस्तकेही तशीच रचलेली असतात, हलकी गोळी एका पानावर, जड दुसऱ्या. कागदावर हे सुरेख दिसते. रानात दोन्हींचा नेम दुर्बिणीत वेगवेगळ्या जागी बसतो, खिशात दोन्ही काडतुसे मिसळतात, आणि काही राज्यांत एकाच आठवड्यात दोन्ही परवाने खिशात असतात. सकाळी हरणासाठी निघालेल्याला दुपारी एल्क भेटतो. तेव्हा नळीत जे असेल तेच चालणार.

माझा कौल स्पष्ट आहे. रायफल एल्कसाठी भरावी आणि त्याच काडतुसाने हरीणही मारावे. एल्कच्या खांद्यातून जाणारी पार्टिशन हरणातही नीट उघडते, कारण तिचा पुढचा भाग मुळातच मऊ आहे. तांब्याची गोळी तर हरणाचे मांस कमी नासवते. वेगवान मऊ गोळी जवळून खांद्यावर बसली की दोन्ही पुढच्या फऱ्यांचे रक्ताळलेले मांस फेकावे लागते, हा अनुभव तिकडच्या प्रत्येक खाटकाकडे ऐकायला मिळतो. .२७० असेल तर शिशाची १५० ग्रेनची मजबूत गोळी किंवा तांब्याची १३० ची. .३०-०६ असेल तर शिशाची १८० ची किंवा तांब्याची १६५ च्या आसपासची. दारू पुस्तकाच्या मध्यावरची, कमाल आकड्यापासून थोडी अलीकडची. भरलेले प्रत्येक काडतूस हंगामाआधी एकदा मॅगझिनमधून नळीत घालून, न उडवता, बाहेर काढून पाहावे. ते अडकते हे एल्क समोर असताना कळू नये. मग उरलेला पैसा आणि वेळ बाकावर टेकून नव्हे, तर बसून, गुडघ्यावर आणि उभ्याने सराव करण्यात घालवावा.

भारतात यातले काहीच करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. पण डेन्व्हर किंवा बॉइझीला नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाला ऑफिसातला सहकारी ऑक्टोबरात एल्कच्या मांसाचे पाकीट देतो आणि पुढच्या वर्षी बरोबर चल म्हणतो. जायचे असेल तर दोन गोष्टी आधी पाहाव्यात. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतूस, घरी भरलेले असो की विकतचे, जवळ बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना हाती असणे हा त्यातला एक ठळक अपवाद आहे, आणि राज्याचे नियम त्यावर वेगळे असू शकतात. आणि कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय तो परवाना मिळत नाही. सहकाऱ्याला होकार देण्याआधी त्या वर्गात नाव घालावे.